तोरवानचं पाणी

धकाते बाईंना कुठल्याही नव्या जागी नेलं की त्या आधी खाली बघत. रंग, पडदे, फर्निचर हे नंतर. आधी जमिनीचा उतार कुठे आहे आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं. माझ्या पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी लॉनवर पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांनी माझा दंड धरला. "संध्या, मांडव खोलगटात घातला वं. पाणी आलं त नवरदेव भिजते." मार्च महिना होता, आभाळ कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि नवरदेव भिजला. बाई जेवणाच्या रांगेत माझ्या मागेच उभ्या होत्या. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांनी शाळेतच वापरून संपवलं असावं.

मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या समोरच्या दारात राहायच्या. मी सोसायटीची सचिव. टाकी कधी धुवायची, टँकर कधी येणार, लिफ्टवाल्याला कधी बोलवायचं, याच्या याद्या माझ्या फ्रिजवर लावलेल्या असतात. काम झालं की मी त्यावर रेघ मारते. बाईंना माझ्या याद्या आवडायच्या, क्रम पटायचा नाही. "पाणी पहिलं लिव्ह. बाकी सारं पाण्याच्या मागून येते."

मूळच्या त्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. नागपूरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. नवरा लवकर गेला. मुलगा एकच, मयूर. एवढं चरित्र पुरे आहे. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची, अगदी त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

पर्समध्ये त्यांच्या कायम खडूचा तुकडा असे. काही समजावून सांगायचं झालं की त्या कुठेही बसून काढून दाखवत. पार्किंगच्या फरशीवर, जिन्याच्या पायरीवर, एकदा तर माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर. रिटायर झाल्यावरही उत्तरं तपासायची सवय गेली नव्हती. मी एकदा सहलीहून आल्यावर गाव निसर्गरम्य होतं असं म्हणाले. "निसर्गरम्य म्हणजे काय वं? नदी कोणत्या बाजूनं आहे ते सांग." मला सांगता आलं नाही. "शून्य," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. अर्धा मार्क त्या कधी देत नसत. त्यांचं म्हणणं असं, की उत्तर बरोबर असते नाही तर चूक असते. नदी अर्धी समुद्राले मिळते का?

मारणं मात्र त्यांच्या वर्गात नव्हतं. चुकलं की मुलानं उभं राहायचं, दोन्ही कान धरायचे आणि बरोबर उत्तर म्हणायचं. मयूर त्यांच्याच वर्गात होता, आणि त्यालाही सूट नव्हती. त्याच्या आठवीतली ही गोष्ट दोघंही आपापल्या बाजूनं सांगत. बाईंनी विचारलं, पेंच कोणत्या नदीला मिळते? मयूर म्हणाला, पेंच कोणाला मिळत नाही, कन्हान पेंचला मिळते. का, तर नागपूर पाणी पितं पेंचचं, मग मोठी नदी तीच. बाईंनी त्याला उभं केलं. त्यानं कान धरले. उत्तर म्हण, म्हटलं तर म्हणाला, "कान धरायले सांगितले, धरले. पण कन्हानच पेंचले मिळते." तास संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला, संध्याकाळी घरी जेवतानाही त्यानं तोच वाद घातला, आणि मोठा होऊन नोकरीला लागल्यावरही त्यानं ते कधी कबूल केलं नाही.

"नकाशात पाह्य ना बे," बाई म्हणायच्या.

"नकाशा काढणारा पेंचचं पाणी पेला असता तर असा काढला नसता," मयूर म्हणायचा.

तो विमानतळाच्या पलीकडे एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. उंच, किडकिडीत, दाढी वाढवलेला, शांत. घरी आला की मोबाईल समोर टेकवून जेवायचा आणि त्यात तोरवान बघायचा.

तोरवान म्हणजे एक ॲनिमेशनची मालिका, हिंदीत डब केलेली. उजाड पठारावर खडकाचा डोंगर, डोंगरावर पांढरी राजधानी. पायथ्यापासून वरपर्यंत पायऱ्यांसारखे सात तलाव. माणसं आणि माल घेऊन जाणाऱ्या कासवगाड्या, म्हणजे हत्तीएवढ्या कासवांच्या पाठीवर बांधलेले डबे. राजकन्या, शाप, उडणारे कोल्हे हे सगळं होतंच, पण मयूरला त्यात रस नव्हता. तो आणि त्याच्यासारखी काही पोरं मिळून मोबाईलवर एक ग्रुप चालवत. नाव 'तोरवान भूगोल मंडळ'. तोरवानमध्ये रस्ते कोण बांधतं, सांडपाणी कुठे जातं, थंडीत भाजी कुठून येते, यावर तिथं रोज भांडणं होत. सगळ्यात मोठं भांडण होतं पाण्याचं. त्या पठारावर एकही नदी कधी दाखवलेली नाही. आणि राजधानीत कारंजी, गरम पाण्याची स्नानघरं. मग पाणी येतं कुठून?

बाईंनी पहिल्यांदा बघितलं ते मागून, त्याला पोळी वाढता वाढता. मी तेव्हा तिथं होते, टाकी धुण्याची तारीख सांगायला गेले होते. बाई हातात पोळी धरून उभ्या राहिल्या.

"हे गाव डोंगरावर काहून बसवलं?"

"आई, वाढ ना."

"पाणी कुठून येते यायले?"

मयूरनं मोबाईल थांबवला आणि आईकडे वळून बघितलं. मला वाटतं बऱ्याच वर्षांनी त्या घरात दोघांना एकच प्रश्न पडला होता.

मयूरचं मत पक्कं होतं. डोंगराच्या पोटात एक जुनं यंत्र आहे, ते खोलातलं पाणी वर ओढतं. म्हणून तर पाणी गरम. ग्रुपवर याला 'यंत्र थिअरी' म्हणत. बाईंचं मत तिसऱ्या भागातच पक्कं झालं. आमच्याकडे पूर्वेला, भिवापूरच्या पलीकडे, जुने मालगुजारी तलाव आहेत. एकाखाली एक. पावसाळ्यात वरचा भरला की त्याच्या सांडव्यावरून पाणी खालच्यात, खालचा भरला की त्याच्या खालच्यात. बाईंच्या मामाचं गाव तिथलं. तोरवानचे सात तलाव तसेच आहेत, राजधानीच्या मागं अजून वर एक आठवा तलाव असला पाहिजे, तो चित्रकारानं दाखवला नाही, एवढंच. यंत्रबिंत्र काही नाही.

हे सिद्ध करायला त्यांनी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर डबे उलटे घातले, लहान-मोठे, पायऱ्यांसारखे. त्यांवर वाट्या ठेवल्या आणि सगळ्यात वरच्या वाटीत ताक ओतायला सुरुवात केली. वाटी भरली, ताक ओसंडून खालच्या वाटीत. ती भरली, तिच्या खालच्या. मयूर दाढी खाजवत बघत होता.

"वरच्याचं पोट भरल्याबिगर खालच्याले भेटत नाही," बाई म्हणाल्या. "पण वरचा म्हणन का मी सारं ठेवून घेतो, त त्याची पाळ फुटते. समजलं?"

"आई, हे काल्पनिक आहे."

"काल्पनिक आहे म्हणून पाणी आपल्या मनानं वर चढते का?"

"आपल्या टाकीत कसं चढते? मोटरनं. मग तिथंही मोटर आहे."

"मोटर दिसली का तुले?"

"आठवा तलाव दिसला का तुले?"

ताक टेबलावरून माझ्या साडीवर आलं. उतार माझ्याच बाजूला होता. बाईंनी मला फडकं दिलं आणि मुलाला म्हणाल्या, "शून्य."

घरात असं. पण मयूरनं त्याच संध्याकाळी त्या वाट्यांचा फोटो ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'माझी आई म्हणते तलावांची साखळी आहे. मला पटत नाही, पण विचार करा.' पोरांनी विचार केला. नागपुरातल्याच जरीपटका भागातला हितेश म्हणून एक होता, मोबाईलच्या दुकानात बसायचा, तो पूर्णच बाईंच्या बाजूला गेला. तेव्हापासून ग्रुपवर दोन पक्ष झाले: यंत्र थिअरी आणि काकू थिअरी. बाईंना हे मयूरनंच वाचून दाखवलं. इमारतीत त्या बाई होत्या आणि जरीपटक्यात काकू. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी हितेशच्या शुद्धलेखनाबद्दल काही म्हटलं नाही.

ग्रुपचा एक नियम होता, आणि तो मयूरनं केलेला होता. ज्याची थिअरी मालिकेत खोटी ठरेल त्यानं कान धरून स्वतःचा फोटो टाकायचा. कासवांना काय खायला घालतात यावर हितेश हरला होता, तेव्हा त्यानं दुकानाच्या काउंटरमागे उभं राहून कान धरले होते. नियम कुठून आला हे मयूरनं ग्रुपवर कोणाला सांगितलं नव्हतं. आम्हाला सांगायची गरज नव्हती.

मयूर गेला त्याचं थोडक्यात सांगते. ताप आला. दोन दिवस घरी काढले, मग दवाखान्यात नेलं. प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि तो गेला.

मी यादी केली. अशा वेळी कामं असतात आणि ती कोणीतरी करायची असतात. दाखला, बँक, गॅस, रेशन कार्ड, त्याची कंपनी, सोसायटीच्या पाटीवरचं नाव. बाईंनी यादी चष्मा लावून वाचली.

"यात पाणी नाही."

"कोणतं पाणी, बाई?"

"तेरवीले माणसं येतीन. टाकी भरून ठेवा लागन."

मी पाणी वर लिहिलं. बाई माझ्याबरोबर सगळीकडे आल्या. जिथं सही करायला सांगितली तिथं केली, जिथं थांबायला सांगितलं तिथं थांबल्या. कुठे रडल्या नाहीत. एका ऑफिसातल्या बाईला वाटलं, गेलेला माणूस माझा कोणी आहे. नातेवाईक म्हणाले, अजून आत उतरलं नाही त्यांच्या. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, उतरलं आहे आणि तिथंच थांबलं आहे. तेरवी झाली, माणसं गेली, यादीवर रेघा पडत गेल्या. शेवटचं काम राहिलं, मोबाईलचा नंबर बंद करणं.

"हा राहू दे," बाई म्हणाल्या.

मी रेघ न मारता यादी घडी करून ठेवली.

आठवड्याभरानं त्यांनी मला बोलावलं आणि मयूरचा मोबाईल पुढं केला. हितेशचा मेसेज होता: 'मयूर भाई, कहाँ गायब? काकू थिअरी जिंदाबाद. जवाब दो, नहीं तो कान पकडो.' त्याखाली मयूरच्या नावानं उत्तर गेलेलं होतं. पूर्णविरामासकट. 'प्रकृती ठीक नव्हती. तुमचा मुद्दा तपासून उद्या उत्तर देतो.'

"तुम्ही लिहिलं, बाई?"

"गैरहजर लेकराचा पेपर दुसऱ्यानं लिवू नये, हे मले समजते. माह्या शाळेत कोणी लिवला असता त मी त्याले काढून टाकलं असतं."

"मग सांगून टाका त्यायले."

"सांगीन." मोबाईल त्यांनी पदरानं पुसला. "सांगितलं का तिथंही संपला. इथं संपला. बँकेत संपला, गॅसच्या कार्डावर संपला. तिथं तो अजून भांडून राहिला, संध्या."

माझ्या यादीत हे मी कोणत्या क्रमांकाला लिहिणार होते?

आणि अशा रीतीनं, ज्या बाईंनी आयुष्यात एकही चूक उत्तर सोडलं नाही, त्या रोज सकाळी अंघोळ-पूजा उरकून यंत्र थिअरी मांडायला बसू लागल्या. यंत्र थिअरी चूक आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पण मयूरची बाजू ती होती. त्यांनी सगळे भाग पहिल्यापासून पाहिले. मोटर पाणी किती उंच चढवते हे समजून घ्यायला आमच्या प्लंबरबरोबर गच्चीवर चढून गेल्या. त्याला वाटलं गळतीची तक्रार आहे. खाली आल्यावर त्यांनी पार्किंगमध्ये खडूनं डोंगराचा उभा छेद काढला, पोटात यंत्र दाखवलं, आणि मला विचारलं, "पटते का?"

"पटते."

"पटू देऊ नको. चूक आहे ते."

मयूरसारखं लिहिणं त्यांना जमत नव्हतं. बोलताना त्या उमरेडच्या होत्या, पण हातात लिहायचं आलं की वर्गात उभ्या राहिल्यासारखं लिहीत. 'मुद्दा पहिला. मुद्दा दुसरा. सबब असे दिसते की.' ग्रुपवर एकानं लिहिलं, 'मयूर भाऊ, स्पर्धा परीक्षा देऊन राहिले का?' बाई घाबरून माझ्याकडे आल्या. पोरं कसं लिहितात ते मला विचारायला. मी पन्नाशीला टेकलेली, मला काय माहीत. माझ्या मुलीचे मेसेज आम्ही दोघींनी नमुन्यादाखल पाहिले. पूर्णविराम काढायचे, असं ठरलं. बाईंनी एक दिवस काढले. दुसऱ्या दिवशी परत आले. "वाक्य संपलं हे समजा नको का?" म्हणाल्या.

जड होतं ते वेगळंच. हितेश दर दोन दिवसांनी लिहायचा, 'काकू से पूछ ना भाई.' आणि मयूर याला काय उत्तर देत असे ते बाईंना माहीत होतं. मागचे मेसेज तिथंच होते. मग त्या लिहायच्या: 'आईले काय समजते. ती सगळीकडे मालगुजारी तलाव पाहते.' लिहून झालं की चष्मा काढून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "असंच म्हटलं असतं ना त्यानं?" मी म्हणायचे, असंच. एकदा हितेशनं चिडून लिहिलं, 'भाई, काकूंबद्दल असं नको बोलू यार.' बाईंनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. "पोरगा चांगला आहे," म्हणाल्या. "पण मले उत्तर द्या लागन." आणि त्यांनी स्वतःबद्दल अजून एक टोमणा लिहिला.

यंत्र थिअरीचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता गरम पाणी. बाईंनी तो असा मांडला की काकू थिअरीवाले गप्प झाले. तलावाचं पाणी असेल तर ते गरम कसं? हितेशला उत्तर सापडेना. बाईंकडे ते होतं. स्नानघराच्या मागच्या भिंतीला एक धुरांडं आहे, दुसऱ्याच भागात दिसतं, पाणी खाली चुलीवर तापवतात. त्यांनी मला ते मोबाईल थांबवून दाखवलं, बोट ठेवून.

"कोणीच पाहून नाही राहिलं. एवढं समोर आहे."

"मग सांगा ना."

"कोण सांगन? मयूर?" मोबाईल त्यांनी बंद केला. "त्याच्या विरुद्ध त्यानं कसं सांगायचं?"

असं बरेच महिने चाललं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की बाई सावरल्या. वेळेवर जेवत, वेळेवर झोपत, गच्चीवर भिवापूरच्या मिरच्या वाळवत, माझ्या याद्यांचा क्रम बदलत. मला वाटायचं, त्या वर्गावर आहेत. तास संपेपर्यंत बसता येत नाही, म्हणून उभ्या आहेत.

मग तोरवानचे नवे भाग आले, शेवटचे. मालिका संपणार होती. शेवटचा भाग आम्ही दोघींनी एका रविवारी सकाळी पाहिला, त्यांच्या टेबलावर, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून. दुष्काळ पडलेला असतो. राजकन्या राजधानीच्या मागच्या कड्यावर चढते. आणि वर, धुक्यातून, आठवा तलाव दिसतो. दगडी पाळ, एका बाजूला सांडवा. पहारेकरी तिथली फळी उचलतात. पाणी खालच्या तलावात उतरतं, त्यातून त्याच्या खालच्यात. एकेक वाटी भरत गेली. मागं संगीत बरंच मोठं होतं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या मान थोडी वाकडी करून बघत होत्या, पेपर तपासताना बघतात तशा.

"तिसऱ्याची पाळ पातळ काढली," म्हणाल्या. "पहिल्या पावसात जाईन."

भाग संपला नव्हता तोच मोबाईल वाजायला लागला. काकू थिअरी जिंदाबाद. आठवा तलाव, बापरे, आठवा तलाव. काकूंना पेढे. काकूंना सांगितलं का? काय म्हणाल्या? आणि मग हितेश, इंग्रजी लिपीत, सगळी मोठी अक्षरं: 'मयूर भाई, अब कान पकडो. फोटो.' त्याच्याखाली बाकीच्यांचे: फोटो, फोटो, फोटो.

बाईंनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. तो तिथं थरथरत राहिला. त्यांनी उठून दोन कप चहा केला, गाळला, माझ्यासमोर ठेवला.

"बाई, आता काही लिहूच नका," मी म्हणाले. व्यवहारी सल्ला देणं मला येतं. "नंबर बंद करून टाकू. दोन दिवस विचारतील, मग विसरतील."

"म्हणजे हरला आणि पळाला, असं होईन."

"तर मग लिहा, हरलो म्हणून. फोटो नाही म्हणावं."

"तो बोलला का कधी हरलो म्हणून? पेंचचं बोलला का?" आवाज चढलेला नव्हता. "मी त्याले हरवलं, ते ठीक आहे. मी रोजच हरवत होती. पण त्याच्या हातानं मी नाही लिवणार का तो हरला."

मी चहा प्यायले.

"पेपर कोणी लिवला हा?" बाईंनी विचारलं. वर्गाला विचारावं तसं.

"तुम्ही."

"मग कान कोणाचे?"

त्यांनी माझा मोबाईल माझ्या हातात दिला आणि साडी सारखी करून भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पुढचं आधी उरकून टाकते, म्हणजे ते मध्ये येणार नाही. माझ्या मोबाईलवरून तो फोटो मयूरच्या मोबाईलवर घेतला, आणि तिथून ग्रुपवर गेला. खाली बाईंनी लिहिलं, 'मी मयूरची आई. मयूर नाही, तो उन्हाळ्यातच गेला. तेव्हापासून त्याची बाजू मी लिहीत होते. ती चूक होती हे मला माहीत होतं. कान मी धरते.' मग हितेशचा फोन आला. बाईंनी तो वाजू दिला. दिवाळीनंतर त्या भिवापूरला बहिणीकडे राहायला गेल्या, त्या दिवशी हितेश टेम्पो घेऊन आला होता. बुटका, गोरा, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेला. कपाट उतरवताना तो सारखा 'काकू, काकू' करत होता. बाईंनी त्याला विचारलं, तुझ्या दुकानासमोरची नाली कुठे जाते? त्याला माहीत नव्हतं. "पाहून सांग," म्हणाल्या आणि टेम्पोत पुढं बसल्या. समोरच्या फ्लॅटमध्ये आता भाडेकरू आहेत. पाटीवरचं बाईंचं नावही मी बदलून घेतलं. नंबर मात्र चालू आहे. माझ्या घडी केलेल्या यादीवर तेवढी एक ओळ अजून रेघ न मारलेली आहे.

तर बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. मागं मयूरचा फोटो होता, हार घातलेला. तो येऊ नये म्हणून त्या दोन पावलं बाजूला सरकल्या. चष्मा काढला, पुन्हा लावला. मग दोन्ही हात वर नेले आणि कान धरले. चेहऱ्यावर काही नव्हतं. शाळेतली शिक्षा कशी घ्यायची हे त्यांना इतकं नीट माहीत होतं की कोपर कुठे असावं तेही बरोबर होतं.

मी फोटो काढला.

"निघाला, बाई."

त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

"निघाला फोटो. चांगला आला."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खाली टँकर आलेला होता, पाणी खालच्या टाकीत उतरवून झालं असावं, कारण पहारेकऱ्यानं मोटर लावली. आमच्या इमारतीत पाण्याचा पाइप बाईंच्या त्याच भिंतीतून गच्चीवर जातो. आधी नुसती घरघर ऐकू आली, मग पाइपात पाणी आलं.

"चढून राहिलं," बाई म्हणाल्या.

त्या तशाच उभ्या राहिल्या, कान धरून, पाठीमागून पाणी वर जात असताना.